तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लोराइड वाईट, मग ते बनवता कशाला?

कुठल्याही लग्नात कोणीतरी विचारतंच, अगं पाण्यात फ्लोराइड नको म्हणतात ना, मग तू लॅबमधे तेच बनवत बसतेस? तर मी लॅन्थेनम फ्लोराइड बनवते. लॅन्थेनम हा ‘रेअर अर्थ’ म्हणजे दुर्मिळ म्हणवणाऱ्या धातूंपैकी एक, पण दुर्मिळ नुसतं नावाला हं, ते जमिनीत शिशापेक्षा जास्त आहे, फक्त वेगळं काढायला जीव जातो.

बनवणं तसं सोपं वाटतं. लॅन्थेनम नायट्रेटच्या पाण्यात अमोनियम फ्लोराइड ओतलं की लगेच पांढरा गाळ, अगदी तांदळाच्या पेजेसारखा. हे सगळं प्लास्टिकच्या बीकरमधेच, फ्लोराइड आम्लात काच खातं. हा चिकट गाळ फिल्टर पेपरवर ओतला की पेपर चोंदतो आणि तुम्ही अर्धा दिवस थेंब मोजत बसता, म्हणून सरळ सेंट्रिफ्यूज करायचं, म्हणजे मशीनमधे गरगर फिरवून गाळ तळाशी बसवायचा.

खरी कटकट पुढे, वाळवताना. एमएस्सीला असताना मी हुशारी करून तो गाळ उघड्या भट्टीत 800 अंशाला टाकला आणि घरी गेले, दुसऱ्या दिवशी कुठला पदार्थ बनलाय ते बघायला पावडरीचा एक्स-रे काढला तर आलेखात नको तिथे पीक्स, कारण गाळातलं पाणी आणि हवेतला दमटपणा तापल्यावर निम्म्या मालाचं लॅन्थेनम ऑक्सिफ्लोराइड (ऑक्सिजन घुसलेला वेगळाच पदार्थ) करून बसला होता, वर भट्टीत एचएफचा म्हणजे हायड्रोजन फ्लोराइडचा विषारी वायू सुटला तो वेगळाच, आणि त्याबद्दल जी बोलणी खाल्ली ती अजून आठवतात. आता ऑक्सिजन घुसू नये म्हणून त्यात जादा फ्लोराइड देणारं अमोनियम बायफ्लोराइड मिसळते, प्लॅटिनमच्या छोट्या नावेसारख्या भांड्यात ठेवून हवेऐवजी आर्गॉन वायू सोडते, मग हळूहळू तापवते. जास्तीचं बायफ्लोराइड उडून जातं. एचएफनी भाजलं तर लावायला कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल मात्र हाताशी पाहिजेच.

एवढा खटाटोप कशाला, तर हाच पदार्थ 1493 अंशाला वितळतो आणि त्याचा एकसंध क्रिस्टल ओढता येतो (ते माझं काम नाही, त्याची भट्टी वेगळी असते). त्यात चिमूटभर युरोपियम घातलं की फ्लोराइडच्या काही जागा रिकाम्या राहतात, आणि मग लोकलमधे एक सीट रिकामी झाली की कसे सगळे एकेक करून सरकतात, तसे फ्लोराइडचे आयन सरकतात, बाकी जवळजवळ कोणाला एन्ट्री नाही. त्याची चकती फ्लोराइड इलेक्ट्रोडच्या, म्हणजे पाण्यात बुडवून फ्लोराइड मोजायच्या कांडीच्या, टोकाला बसते. पाण्यात फ्लोराइड दहापट झालं की मीटर साधारण 59 मिलिव्होल्टनी खाली येतो. 1966 मधे फ्रँट आणि रॉस या दोन संशोधकांनी हे दाखवलं आणि आज यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरवेलचं पाणी तपासतात ते बरेचदा ह्यानीच. आपल्याकडे मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरं पाणीच नसेल तर 1.5. फक्त त्या पाण्यात आधी बफर (पाण्याची आम्लता ठरावीक ठेवणारं द्रावण) घालून हायड्रॉक्साइड कमी ठेवायला लागतं, कारण हायड्रॉक्साइड दिसायला फ्लोराइडचा जुळा भाऊ, क्रिस्टललाही चकवतो.

आणि यावर मामेभावाचा हमखास प्रश्न, मग तुझा क्रिस्टलच विरघळून पाण्यात फ्लोराइड नाही का सोडत? सोडतो रे, पण इतकं कमी की लिटरला 0.02 मिलिग्रॅमच्या आसपासपर्यंत मोजता येतं, त्याच्या खाली मीटर क्रिस्टलचंच फ्लोराइड मोजायला लागतो.