कुंझुमला निघण्याआधी चारही टायर बघून घ्या

चंडीगडला किल्ली हातात ठेवताना एजन्सीचा मुलगा म्हणाला, "सर, ऑल-व्हील है, कहीं भी चढ़ जाएगी. बस मनाली से ही लॉक दबा के रखना." ऑल-व्हील म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना पोहोचवू शकणारी गाडी, आणि लॉक म्हणजे ती ताकद मागच्या चाकांनाही सतत जात राहावी म्हणून दिलेलं बटण. त्याचं पहिलं वाक्य अर्धसत्य, दुसरं धडधडीत चूक. त्याने सांगितलेली ही एक गोष्ट आणि न सांगितलेली दुसरी, या दोन्हींपायी छत्रूच्या पुढच्या नाल्यात आमची दुपार गेली आणि वर सोळा हजार रुपये गेले. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, कुंझुम खिंड नुकतीच उघडलेली असताना मनालीहून स्पितीतल्या काझाला जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय. घाटात गाडी चालवायची सवय, विरळ हवेचा अंदाज आणि गरम कपडे तुमच्याकडे आहेत असं धरून चालतो. नसतील तर आधी किन्नौरकडून या, शरीराला उंचीची सवय होत जाते.

अटल बोगदा सुमारे नऊ किलोमीटरचा आहे, आत लोण्यासारखा रस्ता. बाहेर पडल्यावर उजवीकडे वळून कोकसर, तिथून ग्राम्फू. ग्राम्फूला डांबर संपतं आणि बातलपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर म्हणजे चंद्रा नदीच्या काठाने टाकलेले धोंडे. रुंदीकरण चाललंय, काही तुकडे बरे झालेत, पण ताशी पंधराच्या वर सरासरी निघेल अशी आशा धरू नका. मनालीहून पहाटे चारला निघा. आम्हीही पहाटेच निघालो होतो, पण पुढे दरड साफ करायचं काम होतं आणि जेसीबीमागे रांगेत तीन तास गेले. हिमनदीचं पाणी घड्याळ पाहून वाढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी दोनला गुडघ्याच्या वर गेलेला असतो. आम्ही पोहोचलो ते नेमके दोनला.

नाल्यात पुढची चाकं उतरली, मधल्या धोंड्याला टेकली आणि डॅशबोर्डवर संदेश आला: ऑल-व्हील यंत्रणा गरम, तात्पुरती बंद. पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी भिरभिरायला लागली. मागची ढिम्म. पाणी दाराच्या उंबऱ्याला लागलेलं.

आता हे का झालं ते नीट वाचा, कारण भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक शहरी ऑल-व्हील एसयूव्हींची यंत्रणा याच जातीची असते. इंजिनाची ताकद एरवी पुढच्या चाकांना जाते. मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) तोंडाशी अनेक चकत्यांचा एक क्लच असतो. पुढची चाकं घसरायला लागली की संगणक त्या चकत्या आवळतो आणि ताकदीचा काही भाग मागे जातो. लॉक दाबलं की त्या आवळलेल्याच राहतात. वेग वाढला की लॉक आपोआप सुटतं, आमच्या गाडीत चाळिशीच्या आसपास. कोरड्या डांबरावर वळण घेताना मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे जास्त फिरतात. चकत्या आवळलेल्या असतील तर हा फरक कुठेतरी घासून भरून निघतो आणि घासलं की तापतं. बर्फावर, चिखलात, सुट्या खडीवर टायरच थोडे घसरून तो फरक सोसतात, म्हणून लॉकची जागा तिथेच. मनालीपासून दाबून ठेवा म्हणजे वाटेतलं प्रत्येक डांबरी वळण क्लचवर काढा.

हे झालं सांगितलेलं. न सांगितलेलं मला नाल्याच्या काठावर मदतीची वाट पाहताना दिसलं. पुढचे दोन टायर कोरे करकरीत, मागचे दोन झिजलेले. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते, मागची जेमतेम तीन होती. म्हणजे व्यासात सेंटिमीटरचा फरक. लहान चाकाला तेवढ्याच अंतरात जास्त फेरे मारावे लागतात, त्यामुळे सरळ रस्त्यावरसुद्धा पुढची-मागची चाकं कधीच एका वेगाने फिरत नाहीत. चंडीगडपासून तो क्लच रगडला जात होता. दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीला असे टायर चालून जातात. ऑल-व्हीलला चालत नाहीत. चारही एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि जवळपास सारखेच झिजलेले हवेत. किल्ली घेण्याआधी उकिडवे बसा, चारही टायरच्या खाचांत एकच नाणं उभं धरून खोली ताडा आणि फोटो काढा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तेही टिपून घ्या.

तेवढ्यात एक पिकअपवाला आला. पंधरा फूट ओढायचे आठ हजार. घासाघीस करून सहा. मागे उभ्या असलेल्या ट्रकवाल्यानेही मान खाली घातली, म्हणजे दर सगळ्यांना ठाऊक होता! टो-हुक (ओढायचा दोर अडकवायची कडी) शोधायला डिकीतली हत्यारांची पिशवी उघडली, तर त्याची खाचच रिकामी. हुक हा बंपरच्या छोट्या झाकणामागे पिळून बसवायचा असतो. तो नसल्यामुळे दोर गाडीखालच्या सांगाड्याला, सबफ्रेमला, बांधावा लागला आणि ओढताना बंपरचा खालचा भाग फाटला. पुढे एजन्सीने त्याचे दहा हजार डिपॉझिटमधून कापले. हुक त्यांनीच दिला नव्हता यावर उत्तर आलं, "चेक करके लेना चाहिए था सर." तेव्हा चेक करा. हुक आहे का, झाकण निघतं का आणि आटे कुठल्या बाजूने बसतात (काही गाड्यांत उलटे असतात) हे एजन्सीच्या दारातच बघा. त्या पिकअपवाल्याला पुढची चाकं उचलून गाडी ओढत न्यायची होती, त्यासाठी वेगळे पैसे. ठाम नाही म्हणालो. दोन चाकं उचलली आणि दोन जमिनीवर फिरत राहिली, तर तो क्लच आणि डिफरन्शियल कायमचे जाऊ शकतात. ऑल-व्हील गाडी न्यायची तर चारही चाकं वर, फ्लॅटबेडवर. काठावर गाडी उभी ठेवली, यंत्रणा निवली, संदेश गेला आणि मागची चाकं पुन्हा कामाला लागली.

नाला ओलांडायचा तर आधी दुसरी गाडी जाऊ द्या आणि तिची चाकं कुठे बुडतात, कुठे उसळतात ते बघा. पाणी संथ असेल तर पायाने चाचपा. वाहतं पाणी एक फूट असलं तरी हलकी गाडी उचलू शकतं, दोन फुटांत बहुतेक एसयूव्ही वाहतात. तुमची गाडी कितीही चाकांची असो, तरंगायला लागल्यावर एकाही चाकाचा उपयोग नाही. लॉक काठावरच दाबा, पहिला गिअर टाका आणि एकसारख्या धिम्या वेगाने आत शिरा. मध्ये गिअर बदलायचा नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा नाही. फोटोसाठी पाणी उडवत जाणारे हौशी लोक इंजिनाच्या हवेच्या तोंडात पाणी घालतात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. पाणी आत गेलं असेल तर एका सेलमध्ये इंजिन फुटतं. बाहेर आल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून पॅड सुकवा. आणि दुपारी नाला फुगलेला दिसला तर मागे फिरा, छत्रूला किंवा जिथे तंबू मिळेल तिथे झोपा. पहाटे तोच नाला ओळखूही येत नाही.

आम्ही बातलला तंबूत पडलो. झोप कसली, दातांचा आवाज ऐकत होतो.

सकाळचा कुंझुम मात्र! साडेचार हजार मीटरच्या वर, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, समोर उघडी शिखरं. कालचे सहा हजार विसरलो, खरंच. खिंडीतल्या देवीच्या मंदिराला वळसा घातला, ओरडलो, धाप लागली म्हणून गप्प बसलो. पण इथेच ऑल-व्हीलची दुसरी फसवणूक होते. चढावर ती बर्फातूनही इतकी बिनबोभाट चढते, की रस्ता निसरडा आहे हे कळतच नाही. मग लोसरकडचा उतार लागतो. भिंतींतून दिवसा गळलेलं पाणी रात्री रस्त्यावर गोठलेलं असतं, काचेसारखं, सावलीतल्या वळणांवर तर दिसतही नाही. थांबताना ऑल-व्हीलचा काडीचा उपयोग नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, पकड टायर देतात. दर काही वळणांनी, मागे कोणी नसताना, हलकेच ब्रेक दाबून बघा. पायाखाली एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरलं की समजा वेग जास्त आहे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, वळणाआधी वेग कमी करा, वळणात काही करू नका. आमच्यापुढे एक भलीमोठी फोर बाय फोर जीप दिमाखात सुटली आणि तिसऱ्या वळणावर भिंतीत नाक घालून बसली. ज्याला हसू आलं तो मीच.

थोडं टायरमधल्या हवेबद्दल. खाली चंडीगडला ३३ भरून निघालात की वर गेज जास्त दाखवतं, कारण बाहेरचा दाब कमी झालेला असतो. थंडीने त्यातला काही भाग परत जातो. सकाळी थंड टायरवर मोजा आणि धोंड्यांच्या पट्ट्यात ठरल्यापेक्षा चार-पाच कमीच ठेवा, पंक्चर कमी होतात आणि पकड वाढते. डांबर लागलं की पुन्हा भरा, म्हणजे पंप सोबत हवाच. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन कुंझुमवर जवळजवळ अर्धमेलं होतं, तेव्हा चढावर रेंगाळणाऱ्या पुढच्याला शिव्या देऊ नका. मनाली सोडल्यावर पुढचा पेट्रोल पंप काझ्याला, टाकी काठोकाठ भरून निघा. मोबाइलवर विसंबू नका.

काझा, की गाव, लांग्झा, ताबो, मग नाको आणि किन्नौर: सगळं सुंदर, रस्ते ठीकठाक, सांगण्यासारखी अडचण नाही.

ऑल-व्हील घ्यावी का? जुलैअखेर ते सप्टेंबर कोरडं असेल तर पोटाखाली चांगली उंची असलेली, फक्त पुढच्या चाकांवरची गाडीही पोहोचते. हंगामात कुल्लूहून काझाला सरकारी बस जाते, तिला ताकद फक्त मागच्या चाकांना. जूनमध्ये किंवा पहिल्या बर्फानंतर ऑक्टोबरात घ्या, पण जास्तीचे पैसे टायर बघूनच द्या. झिजलेल्या टायरच्या ऑल-व्हीलपेक्षा चांगल्या टायरची साधी गाडी मी दहादा घेईन. स्टेपनीही तपासा. ती बारीक, तात्पुरती असेल तर लावल्यावर मापाचा तोच घोळ होतो. तेव्हा लॉक अजिबात दाबायचं नाही, हळू चालवायचं आणि जवळचं पंक्चरचं दुकान गाठायचं. एजन्सी म्हणेल चालतं, तर तेवढं त्यांच्याकडून लेखी मागा. आम्ही नंतर मागितलं, तेव्हा फोन उचलणं बंद झालं.