जुन्या रहस्यकादंबरीची डागडुजी : पानं जुळली, कणा बाकी

प्रत पेपरबॅक, जाडजूड. घराण्याची जुनी लफडी, दोन पिढ्या, एक खून. कणा मधोमध तडकलेला, सुरुवातीचा वंशवृक्ष आणि शेवटची पानं सुटी. कुबट वास, थोडी कसर (कागद खाणारी कीड).

कसरीसाठी पुस्तक हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये. घरगुती फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो, म्हणून दोन आठवडे ठेवलेलं बरं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. पुस्तक खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर गार कागदावर दव धरतं. वासासाठी बंद डब्यात पुस्तक आणि शेजारी वाटीभर खायचा सोडा. पानांवर भुरभुरलात तर कण्यातून तो कधीच निघत नाही.

खरा वेळ खातं ते पानं लावणं, आणि ते गोंदाआधीच उरकायचं. बऱ्याच आवृत्त्यांत प्रकरणाच्या पहिल्या पानावर आकडा नसतो. त्यात कथा ‘तेव्हा’ आणि ‘आता’ अशी उड्या मारत असेल, तर उलटसुलट लागलेलं पान वाचकाला लेखकाची करामत वाटते! म्हणून पानाची शेवटची ओळ पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीशी जुळते का, तेही बघायचं. शेवटच्या प्रकरणात मात्र फक्त आकडे. मजकुरावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवली की खुनी कोण ते कळत नाही. वंशवृक्षावर आधीच्या वाचकाने पेन्सिलीने फुली मारलीय (असे लोक असतात). ती मऊ व्हिनाइल खोडरबराने, एकाच दिशेने.

सुट्या पानांना सेलोटेप नको. तिचा चीक कागदात मुरून पिवळा डाग पडतो, तो बहुधा जात नाही. फाटलेल्या कडेला जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या पिठाची घट्ट खळ. टिश्यू फाटीच्या दोन्ही बाजूंना २-३ मिमी. खळ पातळ झाली की स्वस्त कागदावर पाण्याची रेघ उमटते.

आता कणा. जुना हॉटमेल्ट (वितळवून लावलेला) गोंद कडक होऊन तडकतो, म्हणून तो बोथट सुरीने पूर्ण खरवडायचा. आतला समास १० मिमीपेक्षा कमी असेल तर कडा कापायची नाही, नुसती घासायची. मग गठ्ठा दोन फळ्यांत आवळून पानं पंख्यासारखी एका बाजूला वाकवायची, पीव्हीएचा (पांढऱ्या गोंदाचा) पातळ हात द्यायचा, उलट बाजूला वाकवून पुन्हा. असं केल्याने गोंद प्रत्येक पानाच्या कडेवर केसभर चढतो. गठ्ठा सरळ ठेवून नुसत्या कण्यावर गोंद फासला, तर पान केवळ धारेवर तगतं आणि पहिल्या वाचनातच सुटतं. गोंदाचा हात जाड झाला तर तो आत झिरपून पानं एकमेकांना चिकटतात.

वरून मलमलची पट्टी, वजनाखाली रात्रभर. मुखपृष्ठ त्यानंतर, तेही फक्त कण्यापुरतंच चिकटवायचं.