सांगितलेलं गेलं कुठे?

डिसेंबर २०२२ मधला रविवार होता. घोडबंदर रोडवरच्या एका महागड्या रेस्टॉरंटमध्ये मी तेव्हा कॅप्टन, म्हणजे वेटरांवर देखरेख ठेवणारी, होते. दोन माणसं जेवून उठली की बिल साडेतीन-चार हजारांच्या खाली येत नसे, त्यामुळे येणारा प्रत्येक जण काहीतरी निमित्त घेऊनच यायचा. साडेसहाच्या ब्रीफिंगला मॅनेजरने सांगितलं की बुकिंग नव्वद कव्हर्सचं, म्हणजे नव्वद माणसांचं आहे, बुकिंगशिवाय येणारे वेगळे. बारा नंबरला सात जण. आजोबांची पंचाहत्तरी, केक ते स्वतः आणणार. मी त्या टेबलाचे ग्लास पुन्हा एकदा वाफेवर धरून पुसून घेतले, कारण म्हाताऱ्या माणसाचा असा दिवस पुन्हा येत नाही असं मला मनापासून वाटतं.

आठच्या सुमारास कुटुंब आलं. आजी-आजोबा, मुलगा-सून, मुलगी-जावई आणि आठ वर्षांचा नातू. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, घरात बोलणं मालवणी. आजींच्या केसांत अबोलीचा वळेसर होता. डिसेंबरच्या ठाण्यात तो कुठून मिळवला असेल, हेच मी बघत राहिले होते. त्यांना बसवलं, मेनू दिले, आणि चार नंबरवरून बोलावणं आलं म्हणून तिकडे गेले.

ऑर्डर माझ्या स्टुअर्डने, म्हणजे वेटरने घेतली. झारखंडचा पोरगा, ठाण्यात येऊन सहा महिने झालेले, कामाला अतिशय चोख. आजी त्याला सांगत होत्या ते मला दोन टेबलं पलीकडून ऐकू आलं. "बाळा, हेका काजू सोसणा नाय हां. एकसुद्धा नको." तो मान डोलावून पॅडवर लिहीत होता, तेही मी पाहिलं. माझ्या मनाचं समाधान झालं आणि मी चार नंबरची तक्रार ऐकत राहिले.

नातवासाठी पनीर मखनी आणि बटर नान आले. पोरांना तिखट नको असलं की आम्ही हाच पदार्थ सुचवायचो.

चार-पाच घासांनंतर पोरगा म्हणाला, "आजी, जिभेला टोचतंय." बाकीच्यांना वाटलं, गरम असेल. आजींनी त्याची हनुवटी वर केली, ओठांकडे पाहिलं आणि चमचा हातातून काढून घेतला. मी पाण्याची बाटली घेऊन पोहोचेपर्यंत त्याचा वरचा ओठ सुजला होता आणि गळ्यावर गांधी उठल्या होत्या. मग उलटी झाली, आणि मग खोकला सुरू झाला. तो खोकला मला अजून आठवतो. कोरडा, कुत्रं भुंकल्यासारखा, थांबतच नव्हता.

आईच्या पर्समध्ये ॲलर्जीचं सिरप होतं. ते पाजत असतानाच सहा नंबरवरच्या एक बाई उठून आल्या. त्या भूलतज्ज्ञ होत्या हे नंतर कळलं. त्यांनी मुलाचा आवाज ऐकला, तो घोगरा झाला होता, आणि आईला म्हणाल्या, "हे पाजलंत ते असू दे, पण यावर थांबू नका. खाज आणि गांधी यानं कमी होतील, घशाची सूज नाही. ह्याला ॲड्रिनलिनचं इंजेक्शन हवं, आत्ता." वडील मुलाला उभं करून चालवायला लागले तेव्हा त्यांनी अडवलं. अशा वेळी रक्तदाब एकदम खाली येतो, उभं करू नये. श्वास लागला नसेल तर आडवं करून पाय उंच ठेवायचे, लागला असेल तर टेकून बसवायचं, पण चालवायचं नाही. परदेशात अशी मुलं पेनासारखं तयार इंजेक्शन खिशात बाळगतात. आपल्याकडे तेव्हा ते सहज मिळत नव्हतं, म्हणून आपल्या मुलांसाठी हॉस्पिटल जवळ असणं हाच उपाय उरायचा.

हॉस्पिटल दोन सिग्नल पलीकडे होतं. पण रविवारची रात्र, लग्नसराई, आणि मेट्रो चारच्या कामाचे पत्रे रस्ता खाऊन बसलेले. रुग्णवाहिकेची वाट बघण्यात अर्थ नव्हता. व्हॅलेने दारात उभी असलेली पहिली गाडी दिली, ती जावयांचीच निघाली. मागे वडिलांच्या मांडीवर टेकून मुलगा, शेजारी आई आणि डॉक्टरबाई, पुढे मी. सर्व्हिस रोडने उलट दिशेने गेलो. नियम मोडला हे मान्य आहे. सात मिनिटं लागली.

कॅज्युअल्टीत मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन दिलं, मास्क लावला. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "काय खाल्लं? कशाची ॲलर्जी आहे?" आई म्हणाली, काजूची. डॉक्टरने माझ्या गणवेशाकडे बघून विचारलं, "जेवणात काजू होता?"

मी ठामपणे सांगितलं, "नाही. किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, केओटीवर, 'नो काजू' लिहिलेलं आहे."

मी खोटं बोलत नव्हते. माझी तशी खात्रीच होती. डॉक्टर मग दुसऱ्या शक्यता विचारू लागला, शेंगदाणे, अंडं, मासे. माझ्या एका वाक्याने तो भलत्या वाटेला लागला होता. मी बाहेर येऊन शेफला फोन केला. तो म्हणाला, "वरून काजू टाकलाच नाही. क्रीमसुद्धा कमी मारलं." मी विचारलं, "आणि ग्रेव्हीत?" तो क्षणभर गप्प राहिला. "ग्रेव्हीत तर असतोच ना गं. मखनी आहे."

हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. तीन वर्षं हॉटेल मॅनेजमेंट शिकले आहे. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या किचनमध्ये ग्रेव्ह्या ऑर्डर आल्यावर होत नाहीत. सकाळी दहाला तीन मोठी पातेली चढतात, मखनी, व्हाइट आणि कांदा-टोमॅटो. रात्रभर त्यातूनच पळी पळी काढून वेगवेगळ्या नावांचे पदार्थ होतात. तुकडा काजू गरम पाण्यात भिजवतात, मगज, म्हणजे खरबुजासारख्या फळांच्या सोललेल्या बियांबरोबर वाटतात आणि पातेल्यात सोडतात. मखनीचा गुळगुळीतपणा आणि शाही पनीरचा दाटपणा त्यातूनच येतो. मलाई टिक्क्याच्या मॅरिनेशनमध्येही काजू. आमच्या पेस्टोमध्येसुद्धा होता, कारण चिलगोजे परवडत नाहीत. आणि 'नो काजू' ही सूचना आमच्याकडे एका रात्रीत आठ-दहा वेळा यायची. कुणाचं डाएट असायचं, कुणाला जड पडायचं. करी सेक्शनच्या माणसाने त्याचा अर्थ ठरवून टाकला होता, वरून टाकू नको. त्याच्या दृष्टीने त्याने सूचना तंतोतंत पाळली.

मी आत जाऊन डॉक्टरला खरं सांगितलं. तो चिडला नाही. पिस्ताही कायमचा बंद ठेवा, काजू-पिस्ता एकाच कुळातले आहेत, असं त्याने आईला सांगितलं. काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते म्हणून रात्रभर ठेवून घेतलं.

बाहेरच्या बाकावर आजी बसल्या होत्या. बाकीचे मागून रिक्षाने आले होते. केक रेस्टॉरंटच्या फ्रिजमध्येच राहिला होता. मी खाली बसून सगळं सांगितलं, पातेल्यासकट. त्यांच्या घरची काजूची बाग आहे, झाडाखाली वाढलेली बाई ती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे मिया सांगलंय ता खंय गेला?"

मी उत्तर देऊ शकले नाही. त्या रात्री कळव्याला घरी जाऊन तेच शोधत बसले. आजींनी 'सोसणा नाय' म्हटलं, पोराने मनात 'नहीं चाहिए' असं केलं. पॅडवर 'नो काजू' झालं. मशीनमध्ये तो निरोप आवडीनिवडीच्या त्याच रकान्यात गेला ज्यात 'कम तिखट' जातं. तयार पदार्थ जिथून बाहेर येतात त्या पासवर सू-शेफने, म्हणजे शेफच्या हाताखालच्या माणसाने, आरोळी दिली ती नऊ ऑर्डर्सच्या मध्ये. कढईपर्यंत पोहोचला तेव्हा त्यातला मुलगा गळून गेला होता, नुसती सजावट उरली होती. या साखळीत दुर्लक्ष करणारा कुणी नव्हता. पण सगळ्यांत आधी, मराठीत, माझ्या कानांनी ते ऐकणारी मीच होते. सोसत नाही याचा अर्थ मला आईच्या दुधाबरोबर कळतो. मी चार पावलं चालत गेले असते तर ती कढई वेगळी लागली असती. स्टुअर्डवर मेमो काढायचं चाललं होतं, तो मी माझ्या नावावर घेतला.

दुसऱ्या दिवशी अकराला मुलाचे वडील आले. मुलगा बरा होता, दुपारी घरी सोडणार होते. बिल द्यायला आले होते, ते आम्ही घेतलं नाही. ते म्हणाले, "मग मला ती ग्रेव्ही दाखवा." मालकांची परवानगी घेऊन मी त्यांना किचनमध्ये नेलं. काजू भिजत घातलेले होते, रोजचे दोन-अडीच किलो, मोठ्या स्टीलच्या टोपात. त्यांनी टोपावर हात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. "आम्ही मेनू वाचून ऑर्डर देतो हो," एवढंच म्हणाले.

मेनूवर काहीच नव्हतं. खाद्यव्यवसायाचा केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा आणि त्याहून जास्त शाखा असलेल्या रेस्टॉरंटना १ जुलै २०२२ पासून मेनूवर ॲलर्जीची माहिती देणं बंधनकारक झालं होतं. आमच्या दोनच शाखा, परवाना राज्याचा, म्हणून आम्ही त्यातून सुटलो होतो. मला ती सूट आजही पटत नाही. पोराचा घसा शाखा मोजत नाही.

त्या आठवड्यात मी आणि शेफ रोज ब्रेकमध्ये बसून एकेका पदार्थाची फोड केली. मेनूचा जवळपास तिसरा हिस्सा काजूने भरलेला निघाला. बिनकाजूची कांदा-टोमॅटो ग्रेव्ही वेगळ्या डब्यात, वेगळ्या पळीसकट ठेवायला सुरुवात केली. ॲलर्जीची केओटी मशीनवर सोडून न देता लाल पेनने लिहून कॅप्टनने स्वतः पासवर न्यायची, आणि करी सेक्शनच्या माणसाने ती मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय तिथून हलायचं नाही, असं ठरलं. शनिवारच्या गर्दीत याचा वैताग येतो. तरी करतो.

तो झारखंडचा पोरगा आता स्वतः कॅप्टन आहे. मराठी अजून मोडकंच बोलतो. पण मेनू हातात देण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ वाकतो आणि विचारतो, "आजी, कोणाला काय सोसत नाय?"