बरणीचं बूड

लंडनला मुलीकडे गेलो होतो तेव्हा एक आख्खा दिवस ब्रिटिश म्युझियममध्ये काढला, आणि ९५ नंबरच्या खोलीत एका काचेपुढे मी इतका वेळ उभा की बायको शेवटी कंटाळून बाहेर बाकावर जाऊन बसली. समोर काय, तर बरणी. वीतभरच, दोन इवलेसे कान असलेली, चीनच्या हेनान प्रांतातली, सोंग राजघराण्याच्या काळातल्या ज्युन भट्ट्यांची, म्हणजे झाली की आठ-नऊशे वर्षं.

रंग निळा म्हणावा तर निळाही नाही. कपड्यांची नीळ बादलीभर पाण्यात जरा कमीच पडली की जो दुधट रंग येतो ना, तसा काहीसा. आणि गंमत अशी की हा निळा वरून फासलेला रंग नाहीच! ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा चकचकीत थर, १२०० डिग्रीच्या आसपास वितळतं आणि मग सावकाश गार होताना त्याच्या आत काचेचे अतिबारीक थेंब वेगळे होतात, ते उजेड विखुरतात, आभाळ निळं दिसतं साधारण तसंच. अशा भांड्यांवर कधीकधी जांभळे फटकारे असतात ते मात्र तांब्याचे.

पण माझी नजर अडकली ती बुडाशी. ग्लेझ वरून ओघळत येतं, खाली येता येता जाड होतं, त्याची गोल वळी बनते आणि तिथेच थांबतं, खाली बोटभर उघडी तपकिरी माती. आधी वाटलं कारागिराने शेवटी कंटाळा केला. तसं नाही हो. ग्लेझ म्हणजे काचच, बुडापर्यंत आलं असतं तर भांडं भट्टीत खालच्या टेकूला चिकटून बसलं असतं. म्हणून जागा सोडायची, आणि ओघळ कुठवर येईल ते थर्मामीटर वगैरे काही नसताना आधीच ताडायचं. रू नावाची दरबारी भांडी मात्र बुडालाही ग्लेझ लावून बारीक टोकांवर उभी करून भाजायचे, खाली तिळाएवढे ठिपके तेवढे उरतात. दरबारचं काम, परवडत असणार.

(ही खोली ज्यांच्या संग्रहाची, ते पर्सिव्हल डेव्हिड १८९२ साली आपल्या मुंबईत जन्मलेले. मला उगाचच बरं वाटलं.)

घरी आल्यावर पहिलं काय केलं तर माळ्यावरची लोणच्याची बरणी काढून उलटी केली. बुडाशी तीच कोरी खरखरीत कड, कडाप्प्याच्या ओट्यावर चरे पडतात म्हणून आई तिच्याखाली कायम जुनं फडकं ठेवायची. माठही मातीचाच, पण तो पाझरतो म्हणून पाणी गार, आणि बरणीची माती भाजून इतकी घट्ट झालेली असते की खार आतल्या आतच मुरतो. चौदाव्या शतकात इब्न बतूता या प्रवाशाला चीनच्या वाटेवर चार मर्तबान भेट मिळाले होते, म्हणजे मोठ्या बरण्याच, आणि त्यात आलं, मिरी, लिंबू, आंबा, सगळं बोटीच्या प्रवासासाठी खारवलेलं. म्हणजे लोणचंच की!

हे सगळं मी बायकोला उत्साहाने सांगत होतो, बरणी हातात तशीच उलटी. ती म्हणाली, काढलीच आहे तर नीट पुसून उन्हात ठेवा, बाजारात कैऱ्या आल्यात.