जिनिंगच्या काट्यापासून राउट गार्डपर्यंत : आमची वाटचाल

पांढरकवड्यात सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "म्हणजे ऑनलाइन फॉर्म भरून देता का?" भरून दिले की! सातबारे काढले, पीकविम्याचे अर्ज भरले, लग्नपत्रिकासुद्धा छापल्या. सुरुवातीचं भाडं त्यातूनच निघालं. पहिलं खरं सॉफ्टवेअर विकलं ते एका जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला. काट्यावर गाडी चढली की भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा, कटती, भाव आणि शेवटी छापील काटापावती. एकाच कॉम्प्युटरवर चालणारं, साधं. मुनीमजी खूश होते, मालक नव्हते. त्यांना नागपुरात बसून मोबाइलवर आवक बघायची होती.

तिथून आम्ही वेबकडे वळलो. अँग्युलर म्हणजे वेब अॅप बांधायचा तयार सांगाडा, फ्रेमवर्क. त्याची टाइपस्क्रिप्ट या भाषेतली नवी मालिका सप्टेंबर २०१६ मध्ये आलेली होती आणि यवतमाळहून बीसीए करून आमच्याकडे लागलेल्या पोराला तेवढंच येत होतं. फ्रेमवर्क निवडण्यामागचं आमचं शास्त्र एवढंच.

धंद्याला आधार मात्र दुरुस्तीनं दिला. बाहेरचं कोणी तरी सॉफ्टवेअर बनवून देतं, बिल घेतं आणि पुढे फोन उचलत नाही. मग जिनिंगवाले, कृषी सेवा केंद्रवाले, शेतकरी उत्पादक कंपन्या आमच्याकडे येतात. सोर्स कोड हाती लागला तर नशीब. यातल्या बऱ्याच तक्रारी एकाच जागेच्या असतात : लॉगिन आणि त्याच्या पुढचं पहिलं पान.

राउट गार्ड म्हणजे एखादं पान उघडण्याआधी "याला इथे जाऊ द्यायचं का?" हे तपासणारा कोड. माणूस लॉगिन झालाय का, हे गार्डला स्वतःला ठाऊक नसतं. ती माहिती ऑथ सर्व्हिसकडे, म्हणजे लॉगिनचा हिशेब ठेवणाऱ्या कोडकडे असते. गार्ड ही सर्व्हिस स्वतः बनवत नाही, फक्त मागतो. आणून द्यायचं काम अँग्युलरच्या इंजेक्टरचं. त्याच्याकडे सर्व्हिसची नोंदच, म्हणजे प्रोव्हायडर, नसेल तर पान कोरं राहतं आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे एरर दाखवणाऱ्या खिडकीत, लाल अक्षरांत 'नलइंजेक्टरएरर : नो प्रोव्हायडर फॉर अमुक' असं येतं.

हा एरर वाचायची एक रीत आहे आणि नव्या पोरांना आम्ही तीच आधी शिकवतो. चौकटी कंसात बाणांनी जोडलेली नावं असतात : ऑथगार्ड, मग ऑथसर्व्हिस, मग एचटीटीपीक्लायंट (सर्व्हरशी बोलणारा भाग). बहुतेक जण पहिलं नाव बघून गार्डच्या फाइलीत हात घालतात. अडलेलं असतं ते शेवटचं नाव. गार्डनं सर्व्हिस मागितली, सर्व्हिसनं एचटीटीपीक्लायंट मागितला आणि तो कुणी नोंदवलेलाच नव्हता. जुन्या प्रकल्पात एचटीटीपीक्लायंटमॉड्यूल इंपोर्ट करायचं, त्यानंतरच्यात, अँग्युलर २० पर्यंत, अॅपच्या कॉन्फिगमध्ये 'प्रोव्हाइडएचटीटीपीक्लायंट' लिहायचं, की झालं. गार्डला बोटही लावायचं नाही.

एरर दिसतो तोवर बरं असतं. एका शेतकरी उत्पादक कंपनीचं कापूस खरेदीचं पोर्टल आमच्याकडे आलं, तेव्हा कन्सोल स्वच्छ होता. मुनीमजींची तक्रार अशी : "भाऊ, हे मले घडीघडी बाहेर फेकून राह्यलं. साहेबाच्या मोबाइलवर तं बराबर चालते." रोज सकाळी लॉगिन केलं की परत लॉगिनचंच पान. एफ-पाच दाबून रिफ्रेश केलं की मग आत शिरायला मिळायचं. पासवर्ड बदलून झाला, नेटवाल्याला शिव्या देऊन झाल्या, ब्राउझरही नवा टाकून झाला.

आमच्या ऑफिसातल्या पोरीनं मुनीमजींच्या शेजारी बसून नुसतं पाहिलं. ते डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटनं थेट खरेदीचं पान उघडत होते. साहेब मुखपृष्ठावरून लॉगिन करून मग खरेदीत जायचे. फरक तेवढाच, आणि सगळं त्यातच होतं. खरेदीचं मॉड्यूल, म्हणजे अॅपचा तेवढा भाग, लेझी लोड होणारं, म्हणजे लागेल तेव्हाच उतरणारं. अशा मॉड्यूलचा इंजेक्टर स्वतंत्र असतो. आधीच्या डेव्हलपरनं ऑथ सर्व्हिस आणि गार्ड, दोन्ही अॅपच्या मुळातही नोंदवले होते आणि खरेदी मॉड्यूलच्या प्रोव्हायडर्समध्येही. त्यामुळे एकाच सर्व्हिसच्या दोन प्रती तयार व्हायच्या. दुकानात एक खतावणी आणि गोदामात दुसरी, तसं. मुनीमजींनी थेट खरेदी उघडली की तिथली प्रत जन्माला यायची, ब्राउझरच्या साठ्यात टोकन, म्हणजे लॉगिनची खूण, शोधायची, मिळायचं नाही, म्हणून 'लॉगिन नाही' असं धरून बसायची. मग लॉगिन नोंदलं जायचं ते मुळातल्या प्रतीत. खरेदीच्या गार्डला त्याचा पत्ताच नाही. रिफ्रेश केलं की दोन्ही प्रती नव्यानं बनायच्या आणि साठ्यातलं टोकन दोघींनाही सापडायचं. साहेबांच्या वाटेवर खरेदीची प्रत लॉगिननंतरच बनत होती, म्हणून त्यांना कधी त्रास झाला नाही.

दुरुस्ती चार ओळींची. मॉड्यूलच्या प्रोव्हायडर्समधून दोन्ही नावं काढली आणि इंजेक्टेबल डेकोरेटरमध्ये, म्हणजे दोन्हींच्या डोक्यावरच्या खुणेत, 'प्रोव्हायडेड-इन : रूट' लिहिलं. ही सोय मे २०१८ मध्ये अँग्युलर ६ बरोबर आली. अख्ख्या अॅपला सर्व्हिसची एकच प्रत. चार ओळींचं बिल कसं लावायचं, यावर आमच्यात अजून वाद होतो. मी शोधण्याचे पैसे लावतो.

पूर्वी गार्ड क्लास म्हणून लिहायचे, आता साध्या फंक्शनचे झालेत. अँग्युलर १४ पासून 'इंजेक्ट' हे फंक्शन गार्डमध्ये थेट वापरता येतं, क्लासचा कन्स्ट्रक्टर लागत नाही. लिहायला सुटसुटीत, पण यातही एक खोच आहे. गार्ड एसिंक, म्हणजे उत्तराची वाट बघणारा असला आणि 'अवेट' या थांबायच्या ओळीनंतर 'इंजेक्ट' बोलावलं, की एनजी०२०३ हा एरर येतो, कारण तोवर इंजेक्शनचा संदर्भ, म्हणजे सर्व्हिस मागता येते तो काळ, संपलेला असतो. म्हणून लागतील त्या सर्व्हिसेस पहिल्याच ओळींत मागून ठेवायच्या, वाट बघायचं काम नंतर. दुसरा नेहमीचा पाहुणा एनजी०२००, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या दोन सर्व्हिसेस. त्यातली सामाईक गोष्ट तिसऱ्या सर्व्हिसमध्ये काढली की बहुतेक वेळा सुटतं.

ग्राहकाला मात्र एक गोष्ट आम्ही पहिल्याच बैठकीत सांगतो. गार्ड ब्राउझरमध्ये चालतो. थोडं कळणारा माणूस तो ओलांडू शकतो. शेतकऱ्याचा बँक खातेक्रमांक कुणी बघू नये असं वाटत असेल, तर तपासणी सर्व्हरवरच हवी. "गार्ड लावला ना, मग झालं" म्हणणाऱ्यांचं काम आम्ही घेत नाही. दोन ग्राहक त्यापायी गेले, जाऊ द्या.

अँग्युलरची मोठी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी, बहुधा मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे कापसाचा ऐन हंगाम. जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलेली. त्यामुळे दसरा ते होळी चालू सिस्टिममध्ये काहीही नवं टाकायचं नाही, हा आमचा नियम. अपग्रेड उन्हाळ्यात, एका वेळी एकच आवृत्ती वर चढत, इन्व्हर्टर साथ देईल तेवढा वेळ. क्लासवाले जुने गार्ड अजून चालतात, म्हणून घाई नाही. या उन्हाळ्यात खरेदी आणि पेमेंटचे गार्ड फंक्शनमध्ये बदलायचेत, बियाणे विक्रीचे पुढच्या.