राजमाचीचा पाऊस आणि आमचे तीन तंबू

जुलैतल्या शनिवारी सकाळी सातला आम्ही नऊ जण लोणावळ्याहून तुंगार्लीच्या वाटेला लागलो. इथून उधेवाडी, म्हणजे राजमाचीच्या पायथ्याचं गाव, साधारण पंधरा किलोमीटर. चढ फारसा नाही, पण अंतर आहे आणि चिखलही. कर्जतकडून कोंडिवडे, कोंढाणे लेणी अशी येणारी वाट अंतराला कमी असली तरी खडी आहे, आणि भर पावसात तिथली माती साबणासारखी होते. सोबत नवखे असतील तर लोणावळ्याचीच वाट धरा.

गावात पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. जेवण सांगितलं होतं त्या घरच्या मावशी म्हणाल्या, "पोरांनो, पडवीत झोपा." पण पाठीवर तीन तंबू वाहून आणलेले! अंगणापलीकडे जरा उताराच्या गवतावर ते ठोकले आणि पिठलं-भाकरीवर तुटून पडलो.

रात्री दीडला माझी पाठ ओली झाली. छत गळत नव्हतं, पाणी खालून येत होतं. तंबूखाली अंथरलेलं प्लास्टिक चारी बाजूंनी वीतभर बाहेर राहिलं होतं. त्यावर पडलेला पाऊस उताराने सरळ आमच्याखाली. प्लास्टिक तंबूपेक्षा जरा लहानच हवं, नाहीतर कडा आत दुमडा. बाहेरचं कापड ताणून बांधा, ते आतल्याला चिकटलं की तिथूनही ओल झिरपते. हे सगळं मला ठाऊक होतं, हे सांगायला लाज वाटते. दोनला नऊही जण पडवीत. मावशींनी दार उघडलं, कंदील ठेवला आणि एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

कोरडे कपडे मात्र वाचले. सॅकचं कव्हर वाऱ्याने कधीच उडालं होतं, पण आत कचऱ्याची जाड काळी पिशवी लावून त्यात सामान भरलेलं. कव्हर नसलं तरी चालेल, ती पिशवी न्याच. जीन्स नकोच, सुट्टे पैसे हवेत.

सकाळी भैरवनाथाच्या देवळापाशी धुकं इतकं होतं की श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले गायब. श्रीवर्धनवर गेलो. दरी दिसली नाही, तिचा आवाज तेवढा ऐकला. पायऱ्यांवर शेवाळ आहे, कडेला फोटोसाठी जाऊ नका.

परतीला एक ओढा आडवा आला. काल घोटाभर होता, आज मांडीपर्यंत, आणि गढूळ. दोघांचा आग्रह होता की हात धरून साखळी करू. नाही म्हटलं. सह्याद्रीतले ओढे चढतात तसे पाऊस थांबला की उतरतातही. दीड तास छत्रीखाली शेंगदाण्याचे लाडू खात बसलो, पाणी गुडघ्याखाली आलं, मग सॅकचे कमरेचे पट्टे सोडून एकेक जण पार झालो. ठरलेली पुण्याची लोकल चुकली. पुढची मिळाली.