वाटसरूंसाठी वसलेले गाव : आरिमात्सु

जपानला येणारे आपल्याकडचे पाहुणे तोक्यो, फुजी, क्योतो आणि ओसाका असा बेत घरूनच आखून आणतात, आणि त्यात नागोया येते ते शिन्कान्सेन ही वेगवान गाडी थांबते तेवढ्यापुरतेच. नागोयात राहत असल्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती असेल, पण ज्यांना कापडाची आवड आहे त्यांनी येथे एक दिवस उतरावे आणि मेइतेत्सु रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटांवर असलेल्या आरिमात्सुला जावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. आई आली तेव्हा तिलाही मी क्योतोच्या आधी तेथेच नेले.

आरिमात्सु हे मुळात वाटसरूंसाठी वसवलेले गाव आहे. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, आणि क्योतो यांना जोडणाऱ्या तोकाइदो या राजमार्गावर चिर्यू आणि नारुमी या दोन मुक्कामांच्या मधला पट्टा ओसाड होता, म्हणून ओवारी या प्रांताच्या सरंजामी सत्तेने 1608 मध्ये तेथे वस्ती करवली. जमीन शेतीला फारशी उपयोगाची नव्हती, तेव्हा पोट भरायचे तर रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांवरच. नागोयाचा किल्ला बांधायला क्यूशू बेटाहून आलेल्या कामगारांजवळचे गाठी मारून रंगवलेले कापड ताकेदा शोकुरो यांनी पाहिले आणि त्यावरून हा धंदा सुरू केला, असे सांगितले जाते. त्यांनी विकायला ठेवली ती ‘तेनुगुई’, म्हणजे आपल्या पंचाच्या जातीचे सुती फडके. हलके, स्वस्त आणि गाठोड्यात सहज मावणारे. पुढे चित्रकार हिरोशिगे यांनी तोकाइदोवरच्या मुक्कामांची चित्रमालिका केली, तेव्हा नारुमीच्या चित्रात त्यांना दाखवावीशी वाटली ती हीच कापडाची दुकाने. पर्यटकांसाठी बनवलेल्या वस्तूकडे आपण जरा नाक मुरडूनच पाहतो. येथे मात्र प्रवाशाला विकण्यासाठीच ही कला जन्माला आली, त्यामुळे दुकानात शिरताना मुळीच संकोचू नये.

1784 च्या आगीत गाव जवळजवळ सगळे जळाले. त्यानंतर गवती छपरांच्या जागी कौले आली आणि लाकूड झाकणाऱ्या जाड गिलाव्याच्या भिंती उभ्या राहिल्या. आज जुन्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिसतात ती बरीचशी त्या धास्तीतून बांधलेली व्यापाऱ्यांची घरे आहेत. सावकाश चालले तरी अर्ध्या तासात रस्ता संपतो. खरा वेळ राखून ठेवावा तो शिबोरीच्या, म्हणजे या गाठी मारून रंगवलेल्या कापडाच्या, संग्रहालयासाठी, कारण तेथे कारागीर बायका समोर बसून काम करतात.

‘शिबोरी’ हा शब्द ‘शिबोरु’ म्हणजे पिळणे या क्रियापदापासून आला आहे. आपण बांधण्यावरून ‘बांधणी’ म्हणतो, ते पिळण्यावरून शिबोरी म्हणतात. तत्त्व एकच, की जेथे दोरा आवळला तेथे रंग पोहोचत नाही. आरिमात्सुत अशा शंभराच्या आसपास पद्धती रूढ झाल्या. ‘कुमो’ म्हणजे कोळी. तिच्यात कापडाचे टोक आकड्यात अडकवून त्याभोवती दोरा गुंडाळत नेतात आणि उकलल्यावर कोळ्याचे जाळे उमटते. ‘कानोको’त हरणाच्या पाडसाच्या अंगावर असतात तसे बारीक ठिपके येतात. त्रिकोणी घड्या फळ्यांमध्ये दाबून रंगवलेल्या ‘सेक्का’ची हिमफुले आज उन्हाळी किमोनोवर मिरवतात, एके काळी ती तान्ह्या मुलांच्या लंगोटांवर असत. एका बाईने आयुष्यभर एकच पद्धत करायची अशी येथली रीत होती. त्यामुळे नक्षीचे ठसे काढणारा एक, बांधणारी दुसरी, रंगवणारा तिसरा आणि दोरे काढणारी चौथी, असे कापड घरोघर फिरत असे. हात तयार होतो तो यातूनच. पण एखादी पद्धत जाणणारी शेवटची बाई गेली, की ती पद्धतही तिच्याबरोबर जाते.

आई त्या दिवशी मुद्दाम बांधणीची साडी नेसून आली होती. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी कानोको बांधत होत्या. पांढऱ्या कापडावर फुलाच्या रसाने काढलेले फिकट निळे ठिपके होते, जे पुढे पाण्याने धुऊन जातात. आईचा पदर दिसताच त्यांनी काम थांबवले, परवानगी विचारून पदर हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेऊन ठिपके पाहिले. “त्यांना सांग, आमच्याकडे हे नखाने चिमटतात,” आई म्हणाली. मी सांगितले. आजींनी स्वतःचे नख पाहिले, हसल्या आणि आईच्या हातात दोरा दिला. आईची गाठ सैल पडली. आजींनी दोऱ्याचे टोक धरून एक हिसका दिला, ती गाठ टपकन सुटली. मग दोन बोटांत कापडाचे टोक धरून त्यांनी तीच जागा पुन्हा बांधली, इतक्या झटपट की आईला नीट दिसलेही नाही.

आम्ही तेथे रुमालही बांधला. तो रंगून पोस्टाने घरी आला तेव्हा माझ्या बाजूची दोन फुले पूर्ण निळी झाली होती. दोरा पुरेसा आवळला नव्हता. आईची चारही फुले स्वच्छ उमटली. जून महिन्याच्या सुरुवातीला येथे शिबोरीचा उत्सव भरतो आणि रस्ता माणसांनी फुलून जातो, पण असे निवांत बसून शिकायचे असेल तर ते दिवस टाळावेत.

निघताना आईने दोन तेनुगुई घेतल्या. एक भिंतीवर लावायला फ्रेम करू या, असे मी सुचवले होते. सांगलीला गेल्यावर तिने ती दह्याच्या भांड्यावर झाकायला काढली, आणि दुसरी अजून प्रवासाच्या पिशवीत आहे.